पायातील रक्ताची गुठळी आणि शिरांच्या निकामी झडपा : पहिल्या सुजेपासून उपचारानंतरच्या वर्षांपर्यंत

आईच्या डाव्या गुडघ्याच्या सांधेरोपणाला बारा दिवस झाले होते. पोटरी फुगली, ताणल्यासारखी झाली, आणि ती शस्त्रक्रियेचीच सूज असणार असे आम्ही घरातल्या सर्वांनी ठरवून टाकले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी दोन्ही पोटऱ्यांना टेप लावली, चार सेंटीमीटरचा फरक पाहिला आणि त्या दिवशीचा व्यायाम न घेता आम्हाला थेट डॉप्लर तपासणीला, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीला, पाठवले. मांडीपर्यंत गुठळी निघाली. उपचार वेळेवर झाला, सहा महिन्यांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद झाल्या आणि प्रकरण मिटले असे आम्ही समजलो. पाच वर्षांनी त्याच पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळवंडली, खाज सुटली आणि एक जखम झाली. ती आठ महिने कोणत्याही मलमाला दाद देईना. त्या काळात ज्या दवाखान्यात आम्ही जात होतो तेथे जुन्या गुठळीबद्दल कोणी विचारले नाही आणि आम्हीही ती सांगितली नाही, कारण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

हा लेख त्या संबंधाविषयी आहे. गुठळीमुळे शिरेच्या झडपा बिघडतात, बिघडलेल्या झडपांमुळे रक्त साचते, साचलेल्या रक्तात पुन्हा गुठळी होऊ शकते, आणि झडपांवरचे काही उपचारही क्वचित गुठळीला कारण ठरतात. रुग्णाने आणि घरच्यांनी कोणत्या टप्प्यावर काय पाहावे, काय विचारावे आणि काय करू नये हे मी क्रमाने लिहीत आहे. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच राहील, पण त्या निर्णयासाठी लागणारी माहिती बहुधा घरातच असते.

पहिली पायरी : पायातले रक्त वर कसे चढते

बोलताना आपण सगळ्यालाच नस म्हणतो. येथे मी शीर हा शब्द वापरतो तो अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिनीसाठी. पायात अशा शिरांचे दोन थर असतात. स्नायूंच्या आत खोलवर असलेल्या शिरा बहुतांश रक्त वाहून नेतात, तर कातडीखालच्या वरवरच्या शिरा आपले रक्त जागोजागी या खोल शिरांत सोडतात. घोट्यापासून मांडीच्या आतल्या बाजूने वर जाणारी लांब शीर जांघेत खोल शिरेला मिळते. हा संगम पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि खोल शिरांतले रक्त वर ढकलतात. स्नायू सैल पडल्यावर ते खाली घसरू नये म्हणून शिरांत थोड्या थोड्या अंतरावर दोन पाकळ्यांच्या झडपा असतात. विहिरीवर पंप बसवलेल्या घरात फूटव्हॉल्व्ह काय करतो हे सांगावे लागत नाही. तो गळू लागला की पंप चांगला असूनही पाइपातले पाणी खाली बसते. झडपेचे तसेच आहे. स्थिर उभे असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत असतो. निरोगी पायात काही पावले चालताच तो ३०च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो, पण झडपा गळत असतील तर चालूनही तो पुरेसा उतरत नाही. वर्षानुवर्षे टिकलेल्या या दाबामुळेच सूज, काळी कातडी आणि शेवटी जखम होते.

गुठळीची सुरुवात बहुतेकदा झडपेच्या पाकळीमागच्या खोबणीत होते, कारण तेथे प्रवाह मंद असतो आणि प्राणवायूही कमी पोहोचतो. रक्त साचणे, शिरेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही गुठळीची तीन मूळ कारणे जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने आजही शिकवली जातात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ही तिन्ही एकत्र येतात. शरीर पुढे काही महिन्यांत गुठळी हळूहळू विरघळवते, पण त्या दाहात झडपेच्या पाकळ्या आखडतात किंवा भिंतीला चिकटतात. रक्ताची वाट पुन्हा मोकळी होते आणि दार मात्र तुटलेले राहते. खोल शिरेत गुठळी झालेल्या रुग्णांपैकी २० ते ५० टक्क्यांना पुढे कमीअधिक प्रमाणात असा त्रास होतो.

दुसरी पायरी : घरी पाय पाहणे

यासाठी शिंप्याची टेप आणि पेन एवढे साहित्य पुरते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडावर जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा आणि तारीख घालून लिहून ठेवावा. दोन्ही पायांत ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो अंदाजाने सोडून देण्यासारखा नाही. सूज एकाच पायाला असणे, पोटरी दाबल्यावर खोल दुखणे, पाय गरम लागणे, रंग लालसर किंवा निळसर होणे आणि बोटाने दाबल्यावर खड्डा पडून राहणे ही गुठळीची लक्षणे असू शकतात. गुठळी डाव्या पायात अधिक आढळते, कारण ओटीपोटात डाव्या पायाची शीर उजव्या पायाच्या धमनीखालून जाते आणि तेथे ती दाबली जाते.

झडपांचा त्रास वेगळा ओळखू येतो. तो महिन्यांनी आणि वर्षांनी वाढतो, सकाळी कमी असतो आणि संध्याकाळी पाय जड होतात, रात्री पोटरीत गोळे येतात, कातडीखाली वळणदार फुगलेल्या शिरा दिसतात आणि पाय वर घेऊन पडल्यावर बरे वाटते. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांनी, मग ते नागपुरात सीताबर्डीतल्या दुकानातले विक्रेते असोत, चौकातले वाहतूक पोलीस असोत, शिक्षक असोत किंवा हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांतले कामगार असोत, या संध्याकाळच्या सुजेला थकवा म्हणून वर्षानुवर्षे सोडून देऊ नये.

विदर्भात आणखी दोन आजारांचा विचार करावा लागतो. एक हत्तीपाय. त्यात पावलाचा वरचा भाग आणि बोटेही सुजतात, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून उचलता येत नाही, आणि जुनी सूज दाबल्यावर खड्डा पडेनासा होतो. आपल्याकडे हा आजार माहीत असल्यामुळे पाय सुजला की हत्तीपाय असे शेजारीपाजारीच सांगून टाकतात, आणि त्यात गुठळीचे पहिले मोलाचे दिवस निघून जातात. दुसरा सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार. या आजारात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो आणि घोट्याजवळ चिवट जखमाही होतात. म्हणून घरात कोणाला सिकलसेल असेल तर पायाच्या तक्रारीत ते सर्वांत आधी सांगावे.

सुजलेल्या, दुखणाऱ्या पोटरीला तेल लावून चोळू नये. माया म्हणून केलेली ही मालीश मी अनेक घरांत पाहिली आहे. गुठळीची शंका असेल तर निदान होईपर्यंत पाय चोळणे, शेकणे आणि आवळून पट्टी बांधणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात.

तिसरी पायरी : जेथे थांबायचे नाही

अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत टोचणे, खोकल्यातून रक्त येणे, छाती धडधडणे किंवा चक्कर येऊन पडणे यांपैकी काहीही झाले, आणि त्यातही पाय सुजलेला असेल, तर गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेला असे समजून निघावे. रुग्णाला जिने चढायला लावू नये, दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि चोवीस तास अपघात विभाग सुरू असलेल्या, सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानचे एम्स ही सरकारी ठिकाणे आहेत आणि मोठी खासगी रुग्णालयेही आहेत. संपूर्ण पाय मांडीपर्यंत निळा पडून असह्य दुखत असेल तरीही असेच निघावे, कारण तेथे प्रश्न पाय वाचवण्याचा असतो.

फक्त पायाची सूज असेल आणि श्वास ठीक असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. रविवार आहे म्हणून सोमवारची वाट पाहू नये.

चौथी पायरी : डॉक्टरांसमोर न विसरता सांगायचे

डॉक्टर आधी गुठळीची शक्यता किती हे ठरवतात आणि त्यावरून तपासणीचा क्रम लावतात. म्हणून गेल्या तीन महिन्यांतली शस्त्रक्रिया, प्लास्टर, अंथरुणाला खिळणे, रुग्णालयातला मुक्काम, लांबचा प्रवास, कर्करोग आणि त्याचे उपचार, स्वतःला किंवा आईवडील, भावंडांना पूर्वी झालेली गुठळी, वारंवार झालेले गर्भपात हे सारे कागदावर लिहून न्यावे.

स्त्रियांच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली म्हणजे गोळ्या. गर्भनिरोधक गोळ्या औषध म्हणून मोजल्याच जात नाहीत. तशाच महालक्ष्म्यांच्या किंवा लग्नकार्याच्या आधी पाळी पुढे ढकलण्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही कोणी सांगत नाही. पाळी पुढे ढकलण्याच्या या गोळ्यांतल्या नॉरएथिस्टेरॉन या हार्मोनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनच्या रूपात बदलतो, आणि इस्ट्रोजेनमुळे गुठळीचा धोका वाढतो. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे किंवा ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दुसरी म्हणजे बाळंतपण. गुठळीचा धोका गर्भारपणात वाढतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तो सर्वाधिक असतो. नेमक्या याच सव्वा महिन्यात बाळंतिणीला खाटेवरून उठू न देण्याची आपली रीत आहे. शेक, डिंकाचे लाडू, विश्रांती हे सारे राहू द्यावे, पण दिवसातून अनेकदा तिने घरात चालावे आणि पाणी भरपूर प्यावे. सिझेरियन झाले असेल तर हे अधिकच आवश्यक आहे.

पाचवी पायरी : डॉप्लर कोणता आणि कसा

येथे मी थोडा अधिक रेंगाळतो, कारण आमची आठ महिने फरफट झाली ती याच अज्ञानामुळे. डॉप्लर म्हणजे शिरांची सोनोग्राफी. पण गुठळीसाठीचा डॉप्लर आणि झडपांसाठीचा डॉप्लर या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, आणि चिठ्ठीवर नुसते पायाचा डॉप्लर असे लिहिले असेल तर पहिलीच होण्याची शक्यता अधिक असते.

गुठळी शोधताना रुग्णाला झोपवून यंत्राच्या टोकाने शीर दाबतात. निरोगी शीर दाबल्यावर पूर्ण मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. तपासणी जांघेपासून पोटरीपर्यंत पूर्ण केली का हे विचारावे. काही ठिकाणी ती गुडघ्यापर्यंतच करतात. अशा वेळी अहवाल निर्दोष आला पण सूज व दुखणे कायम राहिले, तर सुमारे आठवड्याने ती पुन्हा करावी लागते, कारण पोटरीतली लहान गुठळी तोवर वर सरकलेली असू शकते. संपूर्ण पाय जांघेपर्यंत सुजला असेल, विशेषतः डावा, तर ओटीपोटातल्या शिरांची वेगळी तपासणी लागते का हेही विचारावे, कारण त्या साध्या डॉप्लरमध्ये नीट दिसत नाहीत.

डी-डायमर नावाची रक्ततपासणीही सांगितली जाते. तिचा उपयोग नेमका समजून घ्यावा. गुठळीची शक्यता मुळातच कमी असेल आणि ही तपासणी निर्दोष आली तर गुठळी नाही असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. उलट ती वाढलेली आली म्हणजे गुठळी आहेच असे नव्हे. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, गर्भारपण, कर्करोग आणि नुसते वाढलेले वय यांमुळेही ती वाढते. शस्त्रक्रियेनंतर बाराव्या दिवशी आईची डी-डायमर केली असती तर ती वाढलेलीच आली असती आणि त्यातून काहीच कळले नसते.

झडपांची तपासणी मात्र रुग्णाला उभे करून व्हावी लागते. पोटरी दाबून सोडतात आणि रक्त किती वेळ उलटे खाली वाहते ते सेकंदात मोजतात. वरवरच्या शिरांत अर्ध्या सेकंदापेक्षा अधिक आणि मांडी व गुडघ्यामागच्या खोल शिरांत एक सेकंदापेक्षा अधिक उलटा प्रवाह असेल तर ती झडप गळते आहे असे धरतात. धंतोली, रामदासपेठेत सोनोग्राफीची केंद्रे पुष्कळ आहेत. वेळ ठरवतानाच तेथे उभे राहून झडपांची तपासणी करतात का असे विचारावे. अहवालात तीन गोष्टींची उत्तरे स्वच्छ असावीत : खोल शिरा मोकळ्या आहेत का, त्यांत जुन्या गुठळीच्या खुणा आहेत का, आणि उलटा प्रवाह कोणत्या शिरेत व कोणत्या उंचीपासून सुरू होतो.

सहावी पायरी : रक्त पातळ करणाऱ्या औषधांचे महिने

या औषधांना आपण रक्त पातळ करणारी म्हणतो, पण रक्त त्यांनी पातळ होत नाही आणि असलेली गुठळीही ती थेट विरघळवत नाहीत. ती गुठळी वाढू देत नाहीत, आणि विरघळवण्याचे काम शरीर करते. म्हणून सूज उतरली की गोळी सोडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. खोल शिरेतल्या गुठळीला किमान ३ महिने औषध लागते. शस्त्रक्रियेसारखे तात्पुरते कारण असेल तर बहुधा तेवढ्यावर किंवा थोड्या अधिक काळावर भागते. कारण सापडले नाही किंवा गुठळी पुन्हा झाली तर ते पुष्कळ लांबते. फार मोठ्या, ताज्या आणि पाय धोक्यात आणणाऱ्या गुठळीतच शिरेत नळी घालून गुठळी विरघळवण्याचा किंवा ओढून काढण्याचा विचार होतो.

रिव्हॅरोक्साबॅन हे औषध साधारणपणे पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दोन वेळा आणि त्यानंतर २० मिलिग्रॅम एकदा असे देतात. अपिक्साबॅन पहिले ७ दिवस १० मिलिग्रॅम दोन वेळा आणि पुढे ५ मिलिग्रॅम दोन वेळा. मात्रा बदलण्याच्या या तारखेलाच घोटाळा होतो, कोणी जुनीच पट्टी पुढे आणत राहतो तर कोणी पट्टी संपली म्हणून थांबतो. पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनाने लिहावी. रिव्हॅरोक्साबॅनच्या या मोठ्या मात्रा जेवणासोबत घ्याव्या लागतात, उपाशीपोटी ते औषध नीट शोषले जात नाही. सोमवार, एकादशी करणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे. औषध चालू असेपर्यंत उपवास सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यांऐवजी वॉरफेरिन किंवा एसेनोकूमारॉल चालू असेल तर आयएनआर ही, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी, रक्ततपासणी नियमित करावी लागते आणि गुठळीच्या बहुतेक रुग्णांत ती २ ते ३च्या दरम्यान ठेवतात. पालक, मेथी यांसारख्या हिरव्या पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. त्यासाठी भाजी बंद करायची नसते, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. आठवडाभर भाजी नाही आणि मग तीन दिवस रोज पालक, असे झाले की आकडा डोलू लागतो. नागपुरी संत्र्याची मात्र नेहमीच्या खाण्यात धास्ती घेण्याचे कारण नाही. एखादी गोळी राहिली तर ती त्याच दिवशी आठवताच घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत.

सर्वांत जपायचे ते दुखण्याच्या औषधांपासून. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या परस्पर घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अंग दुखते म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कमरेत सुई टोचून घेण्याची सवय तर या काळात पूर्ण बंद ठेवावी, कारण स्नायूत आत रक्त साकळते. दात काढण्यापूर्वी आणि कोणताही काढा किंवा नवे औषध सुरू करण्यापूर्वी ही गोळी चालू असल्याचे सांगावे. डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा फुटणे, किंवा डोक्याला मार लागणे, मग वरून काहीही दिसत नसले तरी, अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. गर्भवतीला या गोळ्या चालत नाहीत, तिला हेपॅरिनची इंजेक्शने देतात. म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीने गोळी सुरू होतानाच ते बोलून ठेवावे.

गुठळी झाल्यावर महिनोन्महिने पडून राहायचे नसते. औषध सुरू झाल्यावर प्रकृती स्थिर असेल तर डॉक्टरांच्या संमतीने चालणे लवकर सुरू करणे हिताचे असते. आणि औषध संपेल त्या सुमारास झडपा व खोल शिरा यांचा डॉप्लर करून तो अहवाल जपून ठेवावा. पुढे पाय पुन्हा सुजला तर गुठळी जुनी की नवी हे त्याच्याशी ताडूनच ठरते.

सातवी पायरी : झडपांचा उपचार आणि त्या उपचारातला गुठळीचा धोका

वरवरच्या शिरेच्या झडपा गळत असतील तर ती शीर बंद करणे हा मुख्य उपचार आहे. पूर्वी ती कापून ओढून काढत. आता सुईच्या छिद्रातून आत बारीक तार घालून लेसरच्या किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने ती आतून मिटवतात, फेसाचे इंजेक्शन देतात किंवा वैद्यकीय गोंदाने चिकटवतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. खोल शिरांच्या झडपा मात्र अशा सहज दुरुस्त होत नाहीत. तेथे भर दाबाचे घट्ट मोजे, व्यायाम आणि रक्ताची वाट मोकळी ठेवण्यावर असतो.

होकार देण्यापूर्वी पहिला प्रश्न असा असावा : माझ्या खोल शिरा मोकळ्या आहेत ना? जुन्या गुठळीने खोल शीर बंद झाली असेल तर वरवरची फुगलेली शीरच कधी कधी रक्ताची पर्यायी वाट बनलेली असते आणि ती बंद केल्यास पाय आणखी बिघडू शकतो. दुसरा प्रश्न जांघेतल्या त्या संगमाचा आहे. उष्णता देणाऱ्या तारेचे टोक संगमापासून साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर अलीकडे ठेवतात. तरीही क्वचित, शेकड्यात एखाद्या रुग्णात किंवा त्याहून कमी प्रमाणात, उष्णतेने गोठलेला भाग खोल शिरेत डोकावतो. तो किती आत आला आहे यावर नुसते लक्ष ठेवायचे की औषध द्यायचे हे ठरते. म्हणून उपचारानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत डॉप्लर करणार का, हे आधीच विचारून तारीख घ्यावी. फेसाच्या उपचारात फेस खोल शिरेत जाऊन रेंगाळू नये म्हणून घोटा लगेच हलवायला सांगतात. ज्यांना अर्धशिशी आहे किंवा हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे त्यांनी ते आधी सांगावे, कारण काहींना फेसानंतर काही वेळ डोळ्यांपुढे चमकल्यासारखे होते.

पूर्वी गुठळी झालेल्यांना, वजन जास्त असलेल्यांना आणि हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना या उपचाराच्या आसपास प्रतिबंधक इंजेक्शने देण्याचा विचार होतो. आपण होऊन विचारल्याशिवाय तो होईलच असे गृहीत धरू नये. उपचार झाल्यावर त्याच दिवशी चालावे, पुढचे काही दिवस तासन्तास बसू नये, लगेच लांबचा प्रवास ठरवू नये. शिरेच्या मार्गावर दोरीसारखे घट्ट, थोडे दुखरे लागणे अपेक्षित असते. पण पोटरीची नवी सूज अपेक्षित नसते.

उपचार न करता सोडलेल्या फुगलेल्या शिरेतही गुठळी होते. तेव्हा कातडीखाली लाल, दुखरी, कडक दोरी हाताला लागते. ती वरवरची म्हणून दुर्लक्ष करू नये. तिची लांबी ५ सेंटीमीटर किंवा अधिक असेल तर बहुधा औषध लागते, आणि ती जांघेतल्या संगमापासून ३ सेंटीमीटरच्या आत पोहोचली असेल तर तिला खोल गुठळीसारखाच उपचार देतात. हे अंतर डॉप्लरनेच कळते.

आठवी पायरी : मोजे, उन्हाळा आणि जखम

दाबाचे मोजे दुकानातून अंदाजाने आणू नयेत. मधुमेह किंवा तंबाखूमुळे धमन्या अरुंद झाल्या असतील तर मोज्यांनी पायाचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. म्हणून घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबांची तुलना करून आधी खात्री करून घ्यावी. माप सकाळी, सूज नसताना घ्यावे. बहुतेकांना गुडघ्याखालचा मोजा पुरतो. तो अंथरुणातून उठण्यापूर्वी किंवा उठल्याबरोबर चढवावा, रात्री काढावा, आणि वरची कड दुमडू नये, कारण दुमडलेली कड दोरीसारखी आवळते. साधारण सहा महिन्यांनी त्याचा ताण कमी होतो आणि नवा घ्यावा लागतो.

मे महिन्यात ४५ अंशांत हा मोजा घालवत नाही, हे मी आईच्या शेजारी बसून पाहिले आहे. मोजा पूर्ण सोडण्यापेक्षा उभे राहण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या तासांत तो घालावा, दुपारी घरात पाय हृदयाच्या उंचीच्या वर ठेवून वीस मिनिटे पडावे, आणि रात्री कातडीला साधे व्हॅसलीन किंवा खोबरेल लावावे. ओटा धरून टाचा उचलण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करावा. पोटरीचा पंप त्यानेच चालतो.

घोट्याच्या आतल्या बाजूची जखम सहा आठवड्यांत भरत नसेल तर केवळ मलम बदलत बसू नये. अशा जखमेवर औषधापेक्षा दाबाची पट्टी अधिक काम करते, अर्थात धमन्या चांगल्या असल्याची खात्री झाल्यावर. वरवरची शीर गळत असेल तर ती लवकर बंद केल्याने जखम लवकर भरते. आईच्या बाबतीत उभ्याने केलेल्या डॉप्लरमध्ये मांडीची खोल शीर मोकळी पण झडपा निकामी, आणि जोडीला वरवरची लांब शीरही गळती निघाली. ती शीर लेसरने बंद केली, चार थरांची पट्टी दर आठवड्याला बदलली, आणि अकराव्या आठवड्यात जखम मिटली.

फुगलेली शीर धक्क्याने किंवा खाजवून फुटली तर रक्ताची चिळकांडी उडते. अशा वेळी खुर्चीवर बसून पाय खाली सोडून नळाखाली धुण्याने रक्त वाहतच राहते. रुग्णाला लगेच आडवे करावे, पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने त्या जागेवर बोटांनी किमान दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे. वर दोरी किंवा रुमाल आवळून बांधू नये.

नववी पायरी : प्रवास आणि पुढची शस्त्रक्रिया

चार तासांपेक्षा लांब बैठकीच्या प्रवासात गुठळीचा धोका वाढतो. नागपूरहून मुंबईपर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि गाडी न थांबवता हाकण्याचा मोह तेथे होतोच. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे त्यांनी दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे, बसल्या जागी घोटे वरखाली करत राहावे, मोजे घालावेत आणि बाथरूमची अडचण नको म्हणून पाणी टाळू नये. पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर बसून जाण्यापेक्षा झोपण्याची जागा घ्यावी आणि झोपेची गोळी घेऊ नये.

कोणतीही नवी शस्त्रक्रिया ठरली की भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक दोघांनाही जुनी गुठळी सांगावी आणि प्रतिबंधक औषध किती दिवस घ्यायचे हे लिहून घ्यावे. गुडघा किंवा खुब्याच्या सांधेरोपणानंतर ते घरी गेल्यावरही काही आठवडे चालू राहू शकते, खुब्यासाठी साधारण ३५ दिवसांपर्यंत. आईच्या दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी आम्ही दोन्ही डॉप्लर अहवाल, पोटरीच्या मापांची वही आणि जुन्या गोळ्यांची चिठ्ठी एका फाइलमध्ये घालून नेली. भूलतज्ज्ञांनी ती पंधरा मिनिटे वाचली आणि इंजेक्शनांचे दिवस शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून दिले.